नेच्याला कोण मारतंय

झाड मरतंय हे ताईला नंतर कळलं. कोण मारतंय हे तिनं आधीच ठरवलं होतं.

ताई म्हणजे लॉन्ड्रीवाल्याची थोरली लेक. गल्लीत तिला कडकताई म्हणत, कारण तिच्या हातून गेलेल्या कॉलरला आणि तोंडून गेलेल्या शब्दाला सारखीच खळ असायची. तिचं लग्न करायचं राहून गेलं, असं घरचे सांगत. राहून बिहून काही गेलं नव्हतं. बापाला धंद्यात दोन फुकटचे हात हवे होते. पण हे घरात कुणी बोलत नसे. मग बाप गेला आणि मागे राहिली लॉन्ड्री, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मागच्या अंगणातला नेचा.

कुंडीतला हातभर नेचा सगळ्यांनी पाहिलेला असतो. हा तसा नव्हता. याला खोड होतं, काळं, केसाळ, दीड पुरुष उंच, आणि वर छत्रीसारखी पसरलेली पानं, एकेक पान माणसापेक्षा लांब. बापानं तो कोवळा असताना आणला आणि पोरांपेक्षा जास्त माया करून वाढवला. जाताना दोन्ही पोरांची कागदावर सही घेतली: हे झाड जिवंत आहे तोवर अंगणावर छप्पर घालायचं नाही.

लोक म्हणाले, म्हाताऱ्याला झाडाचं वेड. ताईला खरं माहीत होतं. तिच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती त्या अंगणात उघडायची. बाकी तिन्ही बाजूंना आंधळ्या भिंती. अंगणावर छप्पर आलं की तिची खोली म्हणजे कपाट. बापानं जन्मभर लेकीला काही दिलं नाही. जाताना एक खिडकी दिली, तीसुद्धा झाडाच्या नावानं.

म्हणून पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली तेव्हा ताईच्या मनात पाल चुकचुकली ती झाडासाठी नव्हती.

धाकट्याला छप्पर हवं होतं, ही काही लपलेली गोष्ट नाही. हॉटेलांच्या चादरी यायला लागल्या होत्या. उन्हावर भागेना म्हणून त्यानं दोन ड्रायर आणले, ते मागच्या भिंतीला लावले आणि अजून दोन लावायला जागा नाही म्हणून रोज जेवताना उसासे टाकायला लागला.

"अंगण तेवढं झाकलं असतं तर," तो म्हणायचा.

"तर काय?" ताई विचारायची.

"काही नाही. आमटी वाढ."

यात भावजय कधी तोंड उघडत नसे. ताईच्या हिशेबी हाच मोठा पुरावा होता. जी बाई गिऱ्हाइकाशी बटणावरून अर्धा तास भांडू शकते, ती घरात गप्प का? आत काहीतरी शिजत असल्याशिवाय?

टोकं वाळली. मग पानांच्या कडा वाळल्या. मग एक दिवस ताईनं स्टुलावर चढून पान उलटं केलं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके होते, एकसारखे, ओळीनं, जणू कुणी मोजून लावलेत. कीड अशी शिस्तीत बसत नाही. हे कुणीतरी फवारलंय. ताईनं ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसून काढलं. दुसऱ्या पानावर तसेच ठिपके. तीन दिवस ती पुसत होती. इस्त्रीमामा, म्हणजे बापाच्या वेळेपासून इस्त्रीच्या टेबलाशी उभा असलेला म्हातारा, दुकानाच्या मागच्या खिडकीतून बघत होता.

"ताई, झाडालाही घडी घालणार का आता?"

"मामा, तुम्ही इस्त्री बघा. चादर जळतेय."

चादर जळत नव्हती, पण मामानं घाबरून बघितलं आणि ताईला तेवढंच बरं वाटलं.

अंगणाच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं मोठं पिंप होतं. बाप झाडाला त्यातलंच पाणी घालायचा, आणि पिंप आटलं की शेजारच्या नळाचं. एका सकाळी ताई बादली घेऊन गेली तर पिंपापाशी ब्लीचचा वास. झाकण उघडं. वास पाण्याला होता की बाहेर नुकत्याच धुतलेल्या फरशीला, हे तिला सांगता आलं नसतं. पण सांगायचं कुणाला होतं? तिनं पिंपाला कुलूप घातलं. नळालाही पेटी करून कुलूप घातलं. दोन्ही किल्ल्या कमरेला. आणि त्या दिवसापासून झाडाला पाणी मशीनच्या खोलीतलं.

त्या पाण्यावर तिचा डोळे झाकून विश्वास होता. का नसावा? सगळी लॉन्ड्री त्याच पाण्यावर चालत होती. गल्लीचं पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, पांढरं कापड सहा महिन्यांत राखाडी होतं. म्हणून मागच्या वर्षी पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं होतं. आता चादरी अशा पांढऱ्या निघत की हॉटेलवाले आपण होऊन चहा पाजत. या खोलीतल्या पाण्यात कुणी काही कालवलं तर धाकट्याचाच धंदा बुडेल, तेव्हा हे पाणी सुरक्षित. ताईनं असा विचार केला, आणि तो हुशारीचा विचार होता. सकाळ संध्याकाळ दोन दोन बादल्या त्या उत्तम पाण्याच्या, झाडाच्या बुंध्याशी. यंत्राचं पोट भरणं हे तिचंच काम. दर सोमवारी ती मिठाचं पोतं फोडून त्यात ओतायची. त्याशिवाय ते यंत्र चालत नाही. पोतं रिकामं करून ती हात झटकायची आणि त्याच हातानं बादली उचलायची.

दोन महिने असे गेले. झाड अजून वाळलं.

आता राहिला होता फक्त पुरावा. एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर ताईनं खळीची पूड चाळणीत घेतली आणि झाडाभोवतीच्या पांढऱ्या फरशीवर हलक्या हातानं चाळली. पांढऱ्यावर पांढरं, दिसायचं नाही. उजाडल्यावर बघितलं तर पावलं. लहान, डाव्या टाचेला झिजलेली. स्वयंपाकघराच्या दारापासून झाडापर्यंत आणि परत. आणि बुंध्याच्या मातीत बोटांनी उकरलेला खळगा.

डावी टाच झिजवून चालणारं त्या घरात एकच माणूस होतं.

दहाला चादरींच्या घड्या सुरू झाल्या. मोठ्या चादरीची घडी एकटीनं होत नाही. एक टोक ताईकडे, दुसरं भावजयीकडे. ताणायची, झटकायची, चालत जवळ यायचं, टोकं एकीनं दुसरीच्या हातात द्यायची, खाली वाकून दुमड उचलायची, पुन्हा मागे. दिवसातून शंभर वेळा दोघींची बोटं एकमेकींना लागत आणि शंभर वेळा दोघी मागे सरत. तशाच एका वेळी, टोकं हातात देताना, ताई म्हणाली,

"पहाटे अंगणात काय करत होतीस?"

"मी? चप्पल राहिली होती. आणायला गेले."

"चप्पल पायात घालून चप्पल आणायला गेलीस?"

इस्त्रीमामाच्या हातातली इस्त्री थांबली. भावजय मागे सरली आणि तिनं चादर ताणली.

"मातीत हात कशाला घातलास?"

"ताई, घडी चुकतेय."

"घडी चुकू दे. काय कालवतेस झाडाला?"

धाकटा पुढच्या दुकानातून आत आला. "काय चाललंय? बाहेर गिऱ्हाईक ऐकतंय."

"ऐकू दे. तुझी बायको झाडाला विष घालतेय. झाड गेलं की छप्पर. छप्पर आलं की मी गुदमरून मेले तरी बरंच."

भावजयीनं हातातलं टोक सोडलं. धुतलेली चादर जमिनीवर पडली. लॉन्ड्रीत याच्यापेक्षा मोठी शिवी नसते.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती ताई म्हणायची. वन्सं हा शब्द ती राग आला की काढायची, माळ्यावरची सुरी काढावी तसा. "पिंपाची किल्ली तुमच्या कमरेला. नळाची किल्ली तुमच्या कमरेला. दोन महिने झाडाला हात फक्त तुमचा लागतोय. आणि विष मी घालते?"

"म्हणजे मी मारतेय माझं झाड?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

धाकट्यानं दोघींच्या मधली चादर उचलली. त्याचे कान लाल झाले होते. "बस झालं. जाणता माणूस बोलावतो. आम्ही मारलं असं तो म्हणाला तर जन्मात छपराचं नाव काढणार नाही. पण तसं नसलं आणि झाड जाणारच असलं, तर ताई, तू हिची माफी मागायची आणि अंगण सोडायचं. कबूल?"

ताई कबूल म्हणाली. तिला खात्री होती. खात्री असलेल्या माणसाला कशाचीही शपथ घालता येते.

जाणता माणूस म्हणजे गावाबाहेरच्या रोपवाटिकेचा मालक. त्याच्या नखांत कायमची माती आणि बोलण्यात कायमचा वैताग. अंगणात पाय ठेवताच तो म्हणाला, "झाडं आपणहून मरत नाहीत. माणसं मारतात आणि वर मला बोलावतात."

"हेच म्हणत होते मी," ताई म्हणाली आणि तिनं भावजयीकडे बघितलं.

त्यानं आधी झाडाकडे बघितलंच नाही. हात वर करून तो हवा चाचपत राहिला. मग भिंतीतल्या पाइपाकडे बोट केलं. "हे काय?"

"ड्रायरची गरम हवा जाते," धाकटा म्हणाला.

"कुठे जाते? याच्या तोंडावर जाते. हे ओलसर, सावलीच्या जागेतलं झाड. तुम्ही याला दिवसभर भट्टीसमोर उभं केलंय. टोकं वाळली ती यानं. पाइप वर न्या, नाहीतर उलटा फिरवा."

धाकट्यानं मान खाली घातली. ताईची मान जरा वर आली.

"आणि हे ठिपके?" ती म्हणाली. पान उलटं करून धरलं. "हे कुणी फवारलंय?"

रोपवाला तिच्याकडे बघत राहिला. "बाई, हे त्याचं बी समजा. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी असं पानाच्या पाठीवर येतं. ओळीत असलं की बी, वेडंवाकडं चिकटलेलं असलं आणि नखानं चिकट निघालं की कीड. तुम्ही हे पुसलं की काय?"

खिडकीतून इस्त्रीमामा म्हणाला, "तीन दिवस."

ताईची मान पुन्हा होती तिथे आली.

मग त्यानं खोडावर तळवा ठेवला. कोरडं ठाक. "पाणी कुठे घालता?"

"बुंध्याशी. चार बादल्या रोज."

"तिथेच चूक. हे खोड नाही. हा मुळांचा जुडगा आहे, वरपासून खालपर्यंत. याला पाणी अंगावर घालायचं, खोड भिजवायचं. खाली डबकं आणि वर वाळवंट, असं कसं चालेल?" तो वाकला. बुंध्याच्या मातीवर पांढुरका पापुद्रा होता. ताईला वाटत होतं ती तिचीच खळ. त्यानं चिमूट उचलली, जिभेला लावली आणि थुंकला.

"मीठ."

ताईनं श्वास घेतला. अखेर. तिनं भावजयीकडे वळून बघितलं, बुंध्याशी उकरलेला खळगा अजून तसाच होता, पण त्या बाईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट ती ताईकडे अशी बघत होती जणू काही ऐकायची वाट बघतेय.

"पाणी कुठलं घालता?" रोपवाल्यानं विचारलं.

"मशीनच्या खोलीतलं," ताई म्हणाली. "सगळ्यात चांगलं पाणी आहे ते. दाखवते."

आणि तिनं दाखवलं. स्वतः पुढे होऊन दार उघडलं. नळ दाखवला. नळामागे यंत्र. यंत्राच्या बाजूला एकावर एक मिठाची पोती, वरचं अर्धं फोडलेलं, सोमवारी तिनंच फोडलेलं.

तो काही बोलायच्या आधीच ताईला दिसलं. वर्षभर रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू पहिल्यांदा दिसावी तसं दिसलं.

"कापडाला उत्तम," रोपवाला म्हणाला. "जडपणा काढतं आणि त्या जागी मीठ सोडतं. थोडंच, पण रोज चार बादल्या. झाडाच्या मुळांना दुसरं काही नकोच." एरवी त्यानं अजून चार शब्द सुनावले असते. ताईचा चेहरा बघून त्यानं ते गिळले. मग म्हणाला, "स्टूल आणा. वर बघू."

नेच्याचा जीव शेंड्यात असतो. तिथे पुढची पानं मुठी वळून बसलेली असतात, तपकिरी केसांच्या, बाळाच्या मुठीएवढ्या. त्या सडल्या तर खाली कितीही पाणी घाला, झाडाला दुसरा शेंडा फुटत नाही. रोपवाल्यानं ताईलाच वर चढवलं.

"दाबा एकेक. कोबीसारखी लागते का सडक्या टोमॅटोसारखी?"

ताईनं बोट लावलं. पहिली मूठ पचकन आत गेली. बोटाला काळं लागलं. दुसरीही तशीच. खाली धाकटा उभा होता, त्याच्यामागे भावजय, आणि त्यांच्यावर, अगदी डोळ्यांच्या रेषेत, ताईच्या खोलीची खिडकी. तिसऱ्या मुठीवर बोट ठेवायला तिला वेळ लागला.

"काय?" रोपवाला म्हणाला.

"कोबी."

"पुढची?"

"कोबी. ही पण. ही पण कोबी."

"मग जगेल. मी म्हणतो म्हणून नाही, तुम्ही ऐकलंत तर." त्यानं सांगितलं: पावसाचं पाणी भरपूर ओतून माती धुवायची, खाली निथळू द्यायचं, आठ दिवसांनी पुन्हा, परत आठ दिवसांनी पुन्हा. खोडाला ओलं गोणपाट गुंडाळायचं. वाळकी पानं घाईनं कापायची नाहीत, नवी येईपर्यंत ती शेंड्याला सावली करतात. सडलेल्या दोन मुठी अलगद काढायच्या. आणि शेंड्याला सुरी लावायची नाही म्हणजे नाही. एवढं सांगून तो गेला. जाताना म्हणाला, "कुलूप मात्र झकास आहे पिंपाला."

धाकटा पाइप फिरवायला पाना शोधू लागला. अंगणात दोघीच राहिल्या.

झाड जगणार म्हणून अंगण वाचलं होतं, माफी मात्र बाकी होती. ताईनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून वेगळंच निघालं. "तू मातीत हात का घातला होतास?"

"चव बघायला," भावजय म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"यंत्र बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, झाडांना हे पाणी नको. त्याच्या पावतीवर सही मीच केली होती."

"दोन महिने मी तुझ्यासमोरून बादल्या नेल्या. आणि तू तोंडाला कुलूप लावून बघत बसलीस?"

"कुलूप मी नाही लावलं. तुम्ही लावलंत. मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे." तिनं मशीनच्या खोलीकडे बोट केलं. "मिठाची पोती तुम्ही ओतता. मला वाटलं तुम्हीच झाड मारताय, आणि नाव माझ्यावर घालून मला घराबाहेर काढणार. खात्री करायला पहाटे गेले. मीठ लागलं, तेव्हा खात्री झाली."

ही बाई खोटं बोलत असेल का? असेलही. छप्पर हिलाही हवंच होतं. गप्प राहण्यात हिचा तोटा काहीच नव्हता. पण हाच विचार उलटा करून हिनं दोन महिने माझ्याबद्दल केला, हेही ताईला त्याच क्षणी कळलं, आणि तो विचार कसा अगदी बिनचूक शिवलेला असतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"चुकलं माझं," ती म्हणाली. कडक, सुरकुती न पाडता.

"माझंही," भावजय म्हणाली. तेवढीच कडक.

इस्त्रीमामानं खिडकी लावून घेतली. एवढं वर्षानुवर्षं बघितलं, पण हे त्याला बघवेना.

माफी मागितली म्हणून संशय जातो असं नाही. दुसऱ्या दिवशी भावजयीनं बाजारातून दुसरं कुलूप आणलं आणि पिंपाला ताईच्या कुलपाशेजारी लावलं. ताईनं बघितलं. तिलाही तेच सुचलं होतं. आता एकीच्या किल्लीनं पिंप उघडत नाही. त्यामुळे रोज सकाळी सातला दोघींना अंगणात यावं लागतं. धाकटा म्हणतो, बँकेच्या तिजोरीला एवढं नसतं. छपराचं नाव मात्र तो काढत नाही.

पाचव्या आठवड्यात एक मूठ सैल झाली. आतून पोपटी रंग दिसला, वाकडा, चुरगळलेला, इस्त्री नसलेला.

त्या सकाळी दोघींनी कुलपं उघडली. ताईनं बादली बुडवून वर घेतली, पाण्यात बोट घातलं आणि जिभेला लावलं. मग बादली पुढे केली. भावजयीनंही बोट घातलं, चव घेतली, जरा थांबली आणि मान डोलावली.

मग दोघींनी कडीला एकेक हात लावला आणि पाणी खोडावर ओतलं.